व्याह्यांची लाईन

"दाब," मामा म्हणाले. "जरा थांब. कॅमेरा आला का? आला. हां, आता दाब."

मी कळफलकावर बोट ठेवून बसले होते आणि मला ते दाबायचं नव्हतं. अंगावर लग्नातला शालू, डोक्यावर पदर आणि समोर संगणक. त्याच्या गळ्यात, म्हणजे जिथं त्याचा गळा असावा असं आत्यांना वाटलं तिथं, झेंडूची माळ. गुरुजींनी कळफलकावरही हळदकुंकू वाहिलं होतं. त्यातलं बरंचसं आत गेलं आणि दोन-तीन कळा चिकटायला लागल्या. जी दाबायची होती ती मात्र व्यवस्थित चालत होती.

मामा म्हणजे माझे सासरे, हिंदुराव शेडगे, आणि आत्या म्हणजे सासूबाई. मिरजेच्या पुढच्या आमच्या गावात घरोघर केबल त्यांची, आणि त्यावर दिवसभर चालणारं गावचं चॅनलही त्यांचंच. वीसेक वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मला बघायला आले तेव्हा या माणसानं माझं गाणं ऐकलं नाही, रांगोळी बघितली नाही. "कॉम्प्युटर येतो का?" एवढंच विचारलं. येतो म्हटल्यावर पोह्यांची बशी संपायच्या आत लग्न ठरलं. मला वाटलं, सासरे पुढारलेल्या विचारांचे आहेत. लग्न होऊन घरी आले तेव्हा कळलं की मशीन आधीच ठरलेलं होतं, चालवणारी तेवढी शोधायची होती.

मशीन होतं चोर पकडायचं. केबलचे चोर म्हणजे खांबावरच्या वायरीला आपली वायर जोडून फुकट चित्र बघणारे. आमची माणसं शिडी घेऊन निघाली की गल्लीच्या तोंडालाच कुणीतरी खाकरायचं. त्या खाकरण्यासरशी गल्लीतल्या सगळ्या चोरट्या वायरी खाली यायच्या, आणि शिडीची पाठ वळली की पुन्हा वर जायच्या. मामांनी हात टेकले आणि पुण्याहून इंजिनिअर आणला. त्यानं गाव झोपल्यावर, रात्री-रात्री प्रत्येक खांबावर एक बंद डबा बसवला. खांबावर चढलेली प्रत्येक वायर, सावाची असो की चोराची, त्या डब्याच्या एकेका तोंडात घातली. आता कुठलं तोंड उघडायचं आणि कुठलं मिटायचं, हे आमच्या घरातल्या या खोलीतून ठरणार होतं. शिडी नको, खाकरणं नको. पैसे भरणाऱ्यांची वायर पडद्यावर हिरवी दिसायची, बाकी सगळ्या तांबड्या. तांबडी वायर नेमकी कुणाच्या घरात जाते, हे ना मशीनला ठाऊक होतं ना मामांना. पहिल्यांदा पडदा उजळला तेव्हा मामांना घेरी आली होती, कारण निम्मं गाव तांबडं होतं.

त्या तांबड्यांत एक वायर गावातल्याच माझ्या माहेरची होती. त्या खोलीत हे दोघांनाच माहीत होतं. एक मी, आणि दुसरे पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेले माझे वडील.

अण्णा, म्हणजे आनंदराव निकम, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. अख्खी नोकरी त्यांनी दुकानदारांच्या तराजूखालची चिंच आणि मेण शोधण्यात घालवली. ते बाजारात शिरले की वाण्याचा अंगठा आपोआप पारड्यावरून उचलला जायचा. कुणाचा चहा घेतला नाही, कुणाची दिवाळी घेतली नाही. असा माणूस केबल चोरत होता, आणि चोरत होता तो निव्वळ इभ्रतीपायी.

झालं असं, की लग्नात मामांनी मांडवात माईक हातात घेऊन जाहीर केलं, "आमच्या व्याह्यांना जन्मभर केबल फुकट." टाळ्या पडल्या. अण्णांचा चेहरा मात्र पडला. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप लेकीच्या घरचं पाणीही पीत नाही. बरेच बाप चहावर तडजोड करतात, चहा म्हणजे काही पाणी नव्हे. अण्णा तसल्यातले नव्हते. ते आमच्याकडे यायचे ते घरून पाण्याची बाटली घेऊन. तेव्हा फुकट केबल घेणं शक्यच नव्हतं. मग ते पैसे भरायला आमच्या ऑफिसात गेले. मामांनी पैसे परत पाठवले, वर एक नारळ आणि निरोप, "व्याह्यांकडून पैसे घेतले तर गाव माझ्या तोंडावर थुंकेल." फुकट घ्यावं तर यांची इभ्रत जाते, विकत घ्यावं तर त्यांची जाते. दोघांचीही राखायची तर एकच वाट उरली होती. अण्णा एका रविवारी खांबावर चढले आणि त्यांनी वायर जोडली.

आईला त्यांनी सांगितलं, पैसे भरतो.

मला हे कळलं ते आईच्या फोनवरून. ती रोज मला मालिकेतली सून कशी छळली जाते ते सांगायची, आणि गिऱ्हाइकांची नावं मशीनमध्ये मीच घातली होती. निकम त्यात कुठंच नव्हते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी माहेरी गेले. आई स्वयंपाकघरात होती. मी हळू आवाजात म्हटलं, "अण्णा, उद्या मी बटण दाबलं की आपलं बंद होणार."

"होऊ दे."

"आणि सगळ्या गावाला कळलं तर?"

निवृत्तीनंतर अण्णांकडे एवढं एक नावच शिल्लक होतं. रस्त्यानं जाताना माणसं अजून "निकमसाहेब" म्हणायची. ते ऐकलं की त्यांची मान जरा वर व्हायची.

"मी आपली वायर हिरवी करून टाकते," मी म्हटलं. "एक कळ दाबायची. कुणाला पत्ता लागायचा नाही."

"ते नाही चालायचं."

"का?"

"मी चोरी केली तर ती माझी. तू केलीस तर तिकडचे म्हणतील, माहेरनं शिकवली."

"मग वायर काढा तरी."

"काढतो," अण्णा म्हणाले. "सकाळी काढतो."

सकाळी ते फेटा बांधून, बगलेत पाण्याची बाटली घेऊन आमच्या दारात आले. मी विचारलं, "काढली?"

"कशी काढू? तुझी आई उठल्यापासून टीव्हीपुढं बसलीय. आज लेक दिसणार म्हणून."

कारण हा सगळा सोहळा मामा आपल्या चॅनलवरून थेट दाखवत होते. लग्नाचं शूटिंग करणारा बाजीराव कॅमेरा घेऊन फिरत होता. आईचे गुडघे दुखायचे म्हणून ती आली नव्हती. गावातले झाडून सगळे चोर त्या वेळी आपापल्या घरी बसून, फुकट चित्रात, चोर कसे पकडतात ते बघत होते.

मी बटण दाबलं.

पडद्यावरचा तांबडा रंग विझला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोलीत नगराध्यक्ष होते, पतपेढीचे चेअरमन होते, आणि आमच्या चॅनलवर रोज सकाळी सुविचार सांगणारे देसाई मास्तर होते. मास्तरांचं घर माझ्या माहेराला लागूनच, मध्ये फक्त एक बोळ. दाराबाहेर मांडवात बाकीचं गाव भजी खात उभं होतं.

"आता गंमत बघा," मामा म्हणाले. टेबलावर त्यांनी मोठ्या आवाजाचा फोन ठेवला होता, पलीकडचं बोलणं सगळ्यांना ऐकू जावं असा. "चोर शोधायला आपण कशाला जायचं? चोरच फोन करणार. आमचं चित्र गेलं म्हणणार, आणि वर आपलं नाव सांगणार."

फोन वाजला.

"हॅलो, मोहिते टेलर बोलतोय. चित्र गेलंय."

"पैसे भरता का हो तुम्ही?" मामांनी खोलीकडे बघत विचारलं.

"पैशाचा काय संबंध? चित्र गेलंय त्याचं बोला की. आलेल्या माणसाचं माप अर्धवट टाकून बघत होतो."

सगळे हसले. नगराध्यक्षांना हसताना ठसका लागला. "चोराच्या उलट्या बोंबा," देसाई मास्तर म्हणाले, आणि हे वाक्य उद्याच्या सुविचारात बसतं का याचा विचार करत असल्यासारखे वर बघू लागले. मामांनी बाजीरावला खूण केली, कॅमेरा फोनच्या आणखी जवळ घे.

पुन्हा फोन वाजला. एका बाईंचा आवाज आला. "कोण बोलतंय? मी चेअरमनसाहेबांच्या घरून. लाईन गेलीय. साहेब तिकडंच आलेत ना, त्यांना सांगा जरा."

चेअरमनसाहेब भिंतीवरच्या गणपतीकडे लक्षपूर्वक बघत होते. मामांची पतपेढीत बरीच उठबस होती. त्यांनी क्षणभर ओठ चावला आणि म्हणाले, "वहिनी, चुकून गेली असेल. मशीन नवीन आहे. शैला, चालू कर."

मी त्यांच्या घराजवळचा खांब शोधला, त्यावरची बंद तोंडं एकेक उघडून बघितली आणि बाई "आलं" म्हणाल्या ती वायर हिरवी केली.

तिसरा फोन नगराध्यक्षांच्या बंगल्यावरून आला. तिथं तर तीन टीव्ही होते आणि तिन्ही गेले होते. "चुकून," मामा म्हणाले. चौथा देसाई मास्तरांच्या सुनेचा होता.

"मी स्वतः बघत नाही," मास्तर म्हणाले. "घरात लावतात."

"चुकूनच झालं असणार, मास्तर," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजातला जोर आता पार उतरला होता. "शैला, कर."

हे सगळं थेट दाखवलं जात होतं. त्यामुळे ज्यांची चित्रं परत आली त्यांनी ते बघितलं, बघितलं ते शेजाऱ्याला सांगितलं, आणि शेजारी उठून सरळ आमच्या मांडवात आला. मोहिते टेलर गळ्यात टेप तशीच ठेवून सायकलवरून आला आणि दारातून म्हणाला, "हिंदुराव, माझं पण चुकूनच झालं असंल, न्हाई का?"

"तू पैसे भरतोस का रे?"

"चेअरमन भरतात का?"

मामांनी चेअरमनांकडे बघितलं. चेअरमन अजून गणपतीतच होते. "कर गं त्याचं," मामा म्हणाले.

मग काय, रांगच लागली. पिठाच्या गिरणीवाला आला, सोसायटीचा सेक्रेटरी आला, तालमीतली दोन पोरं वस्तादाचा निरोप घेऊन आली. मशीन नवीन आहे, चुकून होतं, हे आता तेच मामांना समजावून सांगत होते. मी नुसती कळा दाबत होते. पडद्यावर गाव हळूहळू हिरवंगार होत गेलं. इतकं हिरवं ते मशीन बसवायच्या आधीही नव्हतं, कारण आधी निदान चोराला चोर म्हणायची सोय होती.

पुण्याच्या इंजिनिअरनं चष्मा पुसत विचारलं, "साहेब, मग मशीन बसवलं कशाला?"

"चुका दुरुस्त करायला," मामा म्हणाले, आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

शेवटी पडद्यावर एकच वायर बंद राहिली. मी अण्णांकडे बघितलं. ते ताठ बसले होते, मांडीवर पाण्याची बाटली. मला वाटलं, सुटलो. आई फोन करणार नाही, केला तरी काय बिघडतंय? सगळं गाव चुकून सुटलंय, त्यात आम्हीही सुटू. अण्णांनी नुसतं गप्प बसून राहायचं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"शैला आहे का? अगं, तू कळीवर बोट ठेवलंस तोवर छान दिसत होतीस. मग सगळ्या मुंग्याच मुंग्या. म्हटलं येईल, येईल, पण येतच नाही. शालू मात्र शोभत होता हो."

मामांचा चेहरा उजळला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांना उदार व्हायची संधी मिळत होती. "विहीणबाई, राम राम. चुकून गेलं बघा. आत्ता येईल."

"हो का? मलाही तेच वाटलं. आमचे हे तर महिन्याच्या महिन्याला पैसे भरतात."

सगळ्या खोलीनं अण्णांकडे वळून बघितलं. बाजीरावच्या कॅमेऱ्यानंही बघितलं.

"पैसे?" मामा मोठ्यानं हसले. "व्याह्यांकडून पैसे घेईन मी? त्यांची लाईन मी मांडवातच फुकट दिलीय. गाव साक्षी आहे. शैला, चालू कर."

अण्णा उठून उभे राहिले.

"चुकून नाही," ते म्हणाले. "आणि फुकटही नाही. मी चोरलीय. खांबावर चढून, माझ्या हातानं."

"व्याही, बसा खाली. कॅमेरा चालू आहे."

"चालू असू दे. लेकीच्या घरचं मी पाणी पीत नाही, तर चित्र कसं घेऊ?"

"अहो, मग इतके महिने बघितलंत ते काय होतं? ते लेकीच्या घरचं नव्हतं?"

"ते चोरलेलं होतं," अण्णा म्हणाले. "चोरलेलं कुणाच्याच घरचं नसतं."

नगराध्यक्षांनी खोकून बघितलं. देसाई मास्तरांनी मान खाली घातली, पण ती लाजेनं की वाक्य पाठ करायला, ते मला कळलं नाही.

मामा लालबुंद झाले होते. चोरी त्यांना झोंबली नव्हती, चोरी आज ते सकाळपासून माफच करत होते. त्यांना झोंबला होता तो नकार. "शैला, कर चालू," ते म्हणाले.

"शैला, करायचं नाही," अण्णा म्हणाले.

"या घरची सून आहेस तू."

"लेक माझी आहे."

"शैला, लाव की गं," फोनमधून आई म्हणाली. तिला अण्णांचं बोलणं नीट ऐकू गेलं नव्हतं. "कार्यक्रम संपेल की तुमचा."

मी पडद्याकडे बघितलं. एवढ्या हिरव्यात ते एकच तोंड मिटलेलं होतं. कळ दाबली असती तर मामा खूश झाले असते, आईला चित्र मिळालं असतं आणि गावानं उद्या विसरूनही टाकलं असतं. पण मग त्या खोलीत खरं बोललेल्या एकमेव माणसाला मीच खोटं पाडलं असतं. मला अण्णांचा रागही आला होता आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकाच वेळी सांभाळणं कठीण जात होतं. मी कळफलकावरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

मामा स्वतः पुढे आले. त्यांनी तर्जनी उगारली, कळफलकावर वरपासून खालपर्यंत फिरवली आणि तशीच हवेत धरून उभे राहिले. लाखमोलाच्या मशीनमधलं त्यांना फक्त चालू-बंदचं मोठं बटण ओळखता येत होतं, आणि ते दाबलं असतं तर सगळंच गाव अंधारात गेलं असतं. सगळ्यांना हे कळलं. भज्यांचा घाणा बंद करा, असं कुणाला तरी ओरडून मामा बाहेर निघून गेले.

पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. आत्या मध्ये उभ्या राहायच्या. "तिला सांग, चहा कर." "त्यांना सांगा, केलाय." गावात मात्र सगळं सुरळीत झालं. केबलची चोरी खरोखर संपली, कारण चोरायची कुणाला गरजच उरली नाही. मशीन चोख चालत होतं. सगळ्या गावात त्यानं एकच लाईन तोडली होती, आणि ती एकदाही चुकून जोडली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माहेरी गेले. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेले होते. अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. टीव्हीवर आईनं विणलेला रुमाल टाकला होता.

"मोहिते टेलर भेटला," अण्णा म्हणाले. "म्हणाला, निकमसाहेब, बापाला शोभेल असं बोललात."

"खरंच बोललात," मी म्हटलं.

"तूही हात उचललास. मी बघत होतो. ज्याची त्याची इभ्रत राहिली."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "तुमची राहिली. तिची राहिली. चोरांच्या लाईनी राहिल्या. घरात एकट्या मीच चोरी केली नव्हती, आणि चित्र गेलं ते माझं."

अण्णांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "अगं, तत्त्वाचा प्रश्न होता."

"असेल की. मला कुणी विचारलं नाही." तिनं गुडघ्यावर हात देऊन चपला शोधल्या. "आठ वाजलेत. मी मास्तरांकडे जाते. त्यांचं चुकून चालू आहे."

ती भिंतीला हात लावत, पायऱ्या एकेक करून उतरली. मी तिच्यामागे उठले तर तिनं हातानंच बस म्हणून खुणावलं. आम्ही दोघं बसून राहिलो. थोड्या वेळानं मास्तरांच्या घरातून मालिकेचं शीर्षकगीत यायला लागलं.

अण्णा उठले. मला वाटलं, आता बोळाकडची खिडकी लावून घेणार. त्यांनी ती दोन्ही दारं ढकलून सताड उघडली, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि कान देऊन बसले.